बावीस तारखेची फाइल

हेमांगीने एंटर दाबलं आणि दर्पणच्या लॅपटॉपवर फाइलींची नावं भराभर वर सरकू लागली. बोईसरच्या ऑफिसात ती जावास्क्रिप्टमध्ये काम करी. त्यातलीच एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, तिने आज दर्पणसाठी, आपल्या भावासाठी, वापरली होती. ही लायब्ररी एका फोल्डरात शिरे, मग त्याच्या आतल्या, मग त्याच्याही आतल्या. सांगितलेल्या फाइली तेवढ्या उचली, बाकीच्या सोडून देई. हेमांगीने सांगितलं होतं, फक्त आवाजाच्या.

नऊशे आल्या. बहुतेक गाणी. तिने गाण्यांचा फोल्डर वगळून पुन्हा चालवलं. अकरा उरल्या.

"गावला?" शेजारी बसलेल्या सुगंधाने विचारलं.

"थांब गो आई. एकेक ऐकते."

बोट बुडाल्याला दोन महिने झाले होते. दोघे खलाशी पोहत आले, दर्पण आला नाही. उद्या देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, असं जिवल्याकाकांनी ठरवलं होतं. सुगंधा एकाच अटीवर कबूल झाली होती. आधी पोराचा आवाज ऐकवा.

दहा फाइलींत नुसता वारा, नाहीतर बोटीवरच्यांचा गलका. अकरावी सात सेकंदांची. इंजिनाची धडधड, आणि तिच्यावरून दर्पण ओरडला, "आई, भात ठेव. येतो मी."

सुगंधा रडली नाही. पडद्याकडे वाकली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. फाइलीपुढच्या तारखेवर तिने बोट ठेवलं.

"बावीस. बोट बुडाली एकोणीसला."

हेमांगीने तारीख पुन्हा वाचली. मग तिला आठवलं. बोटीवर दर्पण साधा फोन नेई. मोठा, स्मार्टफोन, कधीतरीच; त्या खेपेला तो घरीच होता. शोध चालू होता तेव्हा, बावीसलाच, तिने तो या लॅपटॉपला जोडून सगळं उतरवून घेतलं होतं. फाइलींना उतरवल्याची तारीख पडली होती. आवाज कधीचा होता, कोण जाणे.

ती सांगणार, एवढ्यात जिवल्याकाका दर्भाची जुडी घेऊन आत आले.

"वयनी, भटजी आठला येतील. झालं का तुमचं?"

"नको बोलवू त्यांना. बावीसचा आवाज हाय त्याचा. पोरगा हाय कुठंतरी."

काका हेमांगीकडे वळले.

"काय गो? तू शिकलेली. खरं हाय?"

टेबलाखाली आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"तारीख बावीसचीच आहे, काका."

काकांनी जुडी कोनाड्यात ठेवली. ते बाहेर पडले. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर सुगंधाने हात सोडला.

"तू वायर जोडलीस ना बावीसला," ती पडद्याकडेच बघत म्हणाली, "तवा फोन मीच धरला होता."

हेमांगीने बाकीच्या दहा फाइली बंद केल्या.

"परत लाव," आई म्हणाली.