चित्रासमोरची खुर्ची

त्या दिवशी कलाफेरी होती, म्हणून गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्या लोकांसाठी उघड्या होत्या. बाईंची छोटी गॅलरी चढाच्या टोकाला, त्यामुळे येणारा प्रत्येक जण धापा टाकतच आत यायचा. बाईंनी एक खुर्ची आतल्या कोपऱ्यात ठेवली. तिच्यासमोर नवऱ्याने काढलेलं चित्र टांगलं होतं. दारातून न दिसणारी तेवढी एकच भिंत होती.

लोक यायचे, चांगल्या चित्रांवरून नजर फिरवायचे आणि थेट खुर्चीत टेकायचे. टेकलेला माणूस समोर बघणारच.

दुपारपर्यंत नवरोबांची छाती फुगली. "बघितलंस? माझ्या चित्रापुढून माणूस हलत नाही!"

"दिसतंय की," बाई म्हणाल्या.

"फक्त ती खुर्ची काढ गं. लोकांच्या पायात येते."

बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून त्या स्वतःच खुर्चीत बसल्या. "राहू द्या. मलाही बघायचंय."

नवरोबा खूश होऊन दाराकडे गेले. बाईंनी समोर पाहिलं. चित्रात एक बाई डोक्यावर खुर्ची घेऊन चढ चढत होती. ती आपणच, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

नाक मात्र साफ चुकलं होतं.