उशीच्या अभ्र्यातल्या गोळ्या

सासऱ्यांच्या उशीचा अभ्रा बदलताना एकताच्या हातात गोळ्या आल्या. काही कोरड्या, काही थुंकीने विरघळून कापडाला चिकटलेल्या. आठवडाभराच्या तरी असतील.

सासऱ्यांचं, पुखराजशेठचं, खापर गावच्या बाजारात कापडाचं दुकान. साठीच्या अलीकडेच त्यांच्या हाडांच्या मज्जेत कॅन्सर निघाला. सुरतेच्या डॉक्टरांनी त्यांच्याच रक्तातून मूळपेशी काढून गोठवल्या, जहाल औषधाने आतली रोगट मज्जा जाळली आणि पेशी पुन्हा चढवल्या. महिन्याने घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "आमचं काम झालं, आता तुमचं. शंभर दिवस गोळ्या वेळेवर, ताजं गरम जेवण, रोज चालणं, पुरती झोप. गर्दी नको. आणि घरात भांडण तर नकोच."

शेठाणी तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. मुलगा रिषभ दुकानात. राहिली सून. म्हणजे भांडण तर घरातच होतं.

शेठ पलंगावरून उठत नसत. दुकानाचं शटर वर गेलं की मोबाइलवर तिथला कॅमेरा लावून बसायचे ते रात्री कुलूप लागेपर्यंत. राग आला की त्यांच्या तोंडी बाजारातली अहिराणी यायची. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतलं की, "रिषभ! ती बाई निंघी गई! तुन्हा डोया फुटनात का?" फोनवर ओरडून ओरडून खोकला यायचा. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एकताने मुगाची खिचडी आणली तर ताट सरकवून सुनेला मारवाडीत हाक मारायचे, "बिनणी, हे गुरांना घाल." ती एक शब्द बोलायची नाही. ताट उचलायची आणि दार आपटायची.

तिच्या त्या न बोलण्याला दोन वर्षं झाली होती. माहेरी, ब्राह्मणपुरीला, तिचे वडील शेवटचे श्वास मोजत होते, तेव्हा घरात नणंदेचा साखरपुडा होता. शेठ म्हणाले, "परवा जा. माणूस दोन दिवसांत कुठे पळून जातो?" ती पोचली तेव्हा तिरडी गेली होती. अंगणात नुसती भिजलेली जमीन.

आता त्या गोळ्या मुठीत धरून ती उभी राहिली. मरायचंय ना, मग मर, असं तिच्या मनात स्पष्ट, शब्दाशब्दाने आलं. तिने नवा अभ्रा चढवला आणि गोळ्या होत्या तशा आत सारल्या.

चार दिवस ती गोळ्या देत राहिली. शेठ तोंडात टाकायचे आणि ती पाठ फिरवायची, त्यांना थुंकायला सवड मिळावी म्हणून.

पाचव्या दिवशी शेठ बरगडीला हात लावून विव्हळू लागले. सदरा वर केला तर पाठीपासून छातीपर्यंत लालभडक पट्टा, त्यावर पाण्याने भरलेले फोड. नागीण. अंग तव्यासारखं तापलेलं. रिषभने गाडी काढली आणि तिघं सुरतेला निघाली.

"नागीण येऊ नये म्हणूनच तर गोळी दिली होती," डॉक्टर म्हणाले. "मग ही आली कशी?"

एकताने अभ्र्याचं सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आज," ती म्हणाली.

डॉक्टरांनी शेठना चांगलंच फैलावर घेतलं. "नुसत्या संतापाने कुणी मरत नाही, शेठ. पण संतापलेला माणूस झोपत नाही, जेवत नाही, चालत नाही, गोळ्या थुंकतो. नव्या पेशींनी काय करायचं? दोन दिवस उशिरा आला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो."

दुपारी रिषभ औषधं आणायला गेला. सलाइन थेंबाथेंबाने उतरत होतं. एकता खुर्चीवरून म्हणाली, "पापाजी, मी खोटं बोलले. मला चार दिवसांपासून माहीत होतं."

शेठनी मान वळवली.

"मी तुझ्या जागी असतो," ते म्हणाले, "तर आठ दिवस बोललो नसतो."

"का थुंकत होतात?"

"तुझा बाप गेल्यापासून तू माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. असल्या बाईच्या हातून काय वाटेल ते गिळू? मला काय माहीत तू काय चारतेस!"

"विष चारायचं असतं तर एवढी खिचडी कशाला रांधली असती?" तिचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "मरायचं तर खुशाल मरा. पण माझ्या हातून नाही. ते पाप मी घेणार नाही."

"पाणी दे."

तिने दिलं. शेठनी गोळी गिळली, आणि आ करून जीभ बाहेर काढून तिला दाखवली. चिडवल्यासारखी. तिने वाकून नीट तपासलं.

घरी आल्यावर तिने मोबाइल काढून घेतला. शेठनी एक दिवस अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी भूक लागली. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या सुरू झाल्या. शेठ पायांनी चालायचे तितकेच तोंडानेही. "तुन्हा बापनं घर शे का हाई?" असं तिच्या बापाचं घर काढणं प्रत्येक वळणावर. ती पाण्याच्या टाकीला टेकून मोठ्याने मोजायची. सहा. सात. आठव्याला ते थांबले तर म्हणायची, "दमलात? दुकान चालवणार म्हणे." मग ते दहा करायचे. रात्री घोरायचे.

शंभराव्या दिवसानंतरच्या तपासणीत रक्त चांगलं निघालं. भेटायला आलेल्या पाहुण्यांना शेठ मास्क न काढता सांगत होते, "तब्येत मुळातच दणकट. दुसरा असता तर गेला असता."

पाहुणे गेले. एकता वरच्या खोलीत जाऊन आडवी झाली. कितीतरी दिवसांत दुपारची पाठ टेकली नव्हती.

"बिनणी! चहा!" खालून हाक आली. पुन्हा आली. तिने ऐकली आणि कूस बदलली.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली. साखरेचा डबा सापडत नव्हता म्हणून शेठ तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मग गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि तिला झोप लागली.