सरस्वतीचा कापूस

बोरखेडीच्या मोरोपंत पंतोजींचं एक ठरलेलं वाक्य होतं : "गुरूच्या पदरात काय पडलं, ते गुरूनं पाहू नये." हे वाक्य ते डोळे मिटून म्हणत. आता डोळे मिटलेल्या माणसाला पायली शिगोशीग भरलेली आहे की दोन बोटं खाली, हे कसं कळावं? पण कळायचं. ज्वारी सुपात ओतताना जो आवाज होतो ना, त्यावरून त्यांना बरोबर कळायचं. विद्या विद्या म्हणतात ती हीच, असं ते स्वतःशीच म्हणत आणि गालात हसत.

बोरखेडी म्हणजे चांदूर बाजाराहून सकाळी निघालेली बैलगाडी दुपारच्या जेवणाला पोचेल एवढ्यावरचं गाव. गावानं पंतोजींना धाब्याचं घर दिलेलं. पुढची मोठी खोली ती शाळा, मागच्या दोन खोल्यांत पंतोजी आणि गोदाबाई यांचा संसार. पगार वगैरे भानगड नव्हती. अमावस्या-पौर्णिमेला शाळेला सुटी, त्या दिवशी मुलं शिधा आणत. वर्षाचा मोठा मान मात्र पाडव्याला. त्या दिवशी पाटीपूजन व्हायचं, आणि घरोघरची माणसं पोराला पुढं घालून पंतोजींच्या पायाशी जे असेल ते ठेवायची. मुख्य म्हणजे ज्वारी. बरोबर तुरीची डाळ, गुळाची ढेप, आणि एखाद्या वर्षी पाऊसपाणी झकास झालं तर धोतराचं पान. त्या एका दिवसावर पंतोजींची कणगी वर्षभर भरलेली राहायची.

मग सातासमुद्रापार कुठंसे गोरे लोक आपसात भांडायला लागले, आणि वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. का झालं, ते विचारू नका; तिकडचा कापूस अडला म्हणे. गोऱ्यांच्या भांडणात आमच्या काळ्या मातीचं भलं व्हावं हे देवाच्याही हिशेबात नसेल, पण झालं खरं. काल ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती ते आज जरीचे पटके बांधायला लागले. सूर्यभान पाटलांनी तर बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या.

त्या वर्षी पाडव्याला याच पाटलांनी पंतोजींच्या पायाशी ज्वारीबरोबर कापसाचं एक गाठोडं ठेवलं.

"पंतोजी, पोरगा मोडी वाचून राहिला तुमच्या किरपेनं. घ्या."

पंतोजींनी डोळे मिटले. कापसाचा आवाज काही येईना. मनातून ते खट्टूच झाले. ज्वारीची भाकरी तरी होते, कापसाच्या वाती किती वळायच्या? पण गाडीवान नत्थुजी अमरावतीच्या बाजाराला निघाला होता, त्याच्या गाडीत ते गाठोडं टाकलं. नत्थुजी परत आला तो गोदाबाईंना इरकली लुगडं, पंतोजींना रेशीमकाठी उपरणं आणि देवघराला पितळी समई घेऊन. वर रुपये हातावर ठेवून म्हणाला, "उरले ते हे घ्या."

पंतोजींची दुपारची झोप त्या दिवसापासून गेली. ज्वारी, ज्वारी करत आपण इतकी वर्षं बसलो, आणि सरस्वती बिचारी बोंडात बसून वाट पाहत होती! काय हो मोरोपंत, दुसऱ्यांच्या पोरांना शहाणं करता करता स्वतः अडाणीच राहिलात की!

पण मागायचं कसं? पंतोजीनं तोंड उघडून कापूस मागणं बरं दिसत नाही. मग त्यांना आपली जुनी हौस आठवली. तरुणपणी अकोल्याला ते अभंगबिभंग जुळवत असत, आणि थोरले दादा ते ऐकून अंगणात निघून जात असत. दोन दिवस डोकं खाजवून त्यांनी हा जुळवला :

गुरूसी अर्पावा । कापूस तो शुभ्र । बुद्धी ती निरभ्र । होत असे ॥

'निरभ्र' तिथं का आला, तर 'शुभ्र'ला दुसरं काही जुळेना म्हणून. पण लिहिल्यावर त्यांना स्वतःलाच तो इतका जुनापुराणा वाटायला लागला की दोन-चार दिवसांनी आपणच तो कुठंतरी वाचला होता अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी तो मुलांना कित्त्याला घातला. "सरस्वतीचं वस्त्र पांढरं, हंस पांढरा, आणि कापूसही पांढरा. शास्त्रात आहे हे," ते म्हणाले. पोरांनी वर्षभर तो गिरवला, घोकला, विहिरीवर म्हटला, गुरांमागं म्हटला. गाव ऐकत होतं.

पुढच्या पाडव्याला एक घर सोडलं तर कुठूनच ज्वारीची पायली आली नाही. सगळा कापूस! कुणी गाठोडं, कुणी पोतं, पाटलांनी तर अर्धी गाडी. शाळेची खोली आढ्यापर्यंत भरली. फक्त पार्वताबाई तेवढी ज्वारी घेऊन आली. नवरा मागेच वारलेला, गावाला लागून तुकडाभर रान, त्यात ती ज्वारीच पेरायची. "माह्याजवळ कापूस नाई, पंतोजी," ती ओशाळून म्हणाली. पंतोजी उदार मनानं म्हणाले, "असू दे बाई, पुढल्या वर्षी." तिचा मुलगा पंजाबा बाजूला उभा होता. त्यानं मान खाली घातली. पंतोजींनी डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना ते दिसलं नाही.

आता शाळा भरवायची कुठं? पोरं कापसावरच बसायला लागली. वर चढून बसायचं, पाढे म्हणायचे, आणि सातवा पाढा येईपर्यंत निम्मी शाळा घोरत असायची. छडी मारावी तर ती कापसात रुतायची. सरकी खायला उंदीर आले, उंदरांमागं मांजर, आणि मांजर कापसातच व्यालं. विस्तवाची भीती, म्हणून गोदाबाईंची चूल अंगणात गेली. वाऱ्यानं धूर डोळ्यांत जायचा आणि तोंड चालूच राहायचं.

"अहो, विका की आता! नत्थुजी आजच विचारत होता."

नत्थुजी खरंच मागं लागला होता. "भाव चांगला हाय पंतोजी, इकून टाका."

"चढेल अजून."

"तुमाले कावून वाटते?"

"अरे नत्थुजी, गोऱ्यांचं हे भांडण कसलं आहे? भाऊबंदकीचं. भाऊबंदकी कधी मिटलेली ऐकली आहेस?"

हे मोरोपंत अनुभवानं बोलत होते. जुन्या अकोल्यात, मोर्णेकाठच्या गल्लीत, थोरले दादा आणि ते एका घरात राहत असत. 'खेड्यात शाळा काढतोस? वर्षाच्या आत माझ्या दारात येशील,' असं दादा म्हणाले होते. तेवढ्या एका वाक्यासाठी मोरोपंत केस पिकेपर्यंत बोरखेडीत राहिले होते.

आणि बघा, भाऊबंदकी मिटली. जगात मिटत नाही ती नेमकी यांच्याच वेळेला मिटली! मिटायला आली अशी नुसती कुणकुण बाजारात पोचली आणि भाव जो घसरला तो घसरतच गेला. नत्थुजी आता कापसाचं नावही काढीना. पंतोजींना रस्त्यात पाहिलं की तो बैलांशी बोलायला लागायचा.

त्याहून वाईट पुढं होतं. सोन्याच्या नादात गावानं ज्वारी पेरलीच नव्हती. जी थोडी होती तिचा भाव आभाळाला. मागली शिल्लक संपून पंतोजींची कणगी खडखडीत. गोदाबाईंनी ती उपडी करून, झाडून, हातात केरसुणी तशीच धरून सांगितलं, "या पाडव्याला ज्वारी आली नाही, तर शाळेला कुलूप घाला आणि अकोल्याला चला. दादांच्या दारात उभी राहीन मी, पण उंदरांबरोबर सरकी खाणार नाही."

दादांचं दार! पाडव्याला आठ-दहा दिवस उरले होते. त्यांनी घाईघाईनं नवा अभंग जुळवायला घेतला. ज्वारीही पांढरीच असते की! 'गुरूसी अर्पावी । ज्वारी तीही शुभ्र...' पण पुढं गाडी अडली. निरभ्र बुद्धी आधीच कापसाला देऊन झाली होती. सरस्वतीनं एका वर्षात वस्त्र बदललं असं सांगावं, तर पोरं का इतकी बावळट आहेत? वाहवा मोरोपंत, स्वतःच्याच शास्त्रात स्वतःच अडकलात!

पाडव्याच्या सकाळी दारापुढं गाड्या लागायला सुरुवात झाली. पहिली सूर्यभान पाटलांची. गच्च भरलेली. कापसानं.

"भाव पडला पंतोजी, घरात कापूस मावून नाई राहिला," पाटील हसत म्हणाले. "म्या म्हटलं, औंदा मनसोक्त देऊ. पोराची बुद्धी निरभ्र होऊ दे."

त्यांच्यामागं दुसरे, तिसरे. जो तो गेल्या वर्षीपेक्षा दिलदार! विकून काही येत नव्हतं, मग गुरूला द्यायला कुणाचं काय जातंय? अंगणात ढीग वाढत चालला. गोदाबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि तो पदर हसू लपवायला आहे की रडू, हे पंतोजींनी मुद्दामच पाहिलं नाही.

तेवढ्यात पार्वताबाई येताना दिसली आणि पंतोजींचा जीव भांड्यात पडला. चला, एक पायली तरी आली! पण बाईच्या डोक्यावर गाठोडं होतं, आणि ते फार हलकं दिसत होतं.

"घ्या पंतोजी," तिनं गाठोडं ठेवलं. "औंदा माह्या पोराची मान खाली नाई."

"बाई, तुमच्या रानात तर ज्वारी असते."

"असे. औंदा कापूस पेरला. पोरगं आयकेच ना, बापा. म्हने, शास्त्रात लिवलं हाय, आपल्याच घरचा कापूस नाई म्हून मले पहाडे येत नाई. म्या म्हटलं, एक साल काढू कसंबी."

"मग खाता काय?"

"पाटलाच्या घरी दळाले जातो. कण्या भेटते." ती अगदी सहज बोलली. पंजाबा तिच्या शेजारी पाटी छातीशी धरून उभा होता. पोराची मनगटं बोरूसारखी झाली होती. हे पोर वर्षभर रोज पुढ्यात बसत होतं, आणि पंतोजी कापसाच्या ढिगाकडे पाहत होते.

मोरोपंतांना शरम वाटली. पायली किती भरली ते कानानं ओळखणारा मी, आणि पोर उपाशी आहे ते मला डोळ्यांनी कळलं नाही!

"थांबा सगळे," ते ओरडले. आवाज चिरका निघाला. "शास्त्रात असलं काही नाही. तो अभंग मी केला. घरी बसून. सरस्वतीला कापूस नको होता, मला हवा होता!"

मग सूर्यभान पाटील जे हसायला लागले ते पोट धरूनच. "अवो पंतोजी, आमाले का ठाऊक नाई? सरस्वती का बोंडं वेचाले येते?"

"मग दिलात कशाला?"

"तुमी मागलं. पंतोजीनं मागावं आन् आमी नाई म्हनावं, इतके का आमी गयेगुजरे हाओ?"

सगळं अंगण हसलं. गोदाबाईही हसल्या. पार्वताबाई हसली नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पोरानं जे वाचलं ते तिनं खरं मानलं होतं.

पंतोजींनी नत्थुजीला हाक मारली. "हा सगळा कापूस ने. खोलीतला, अंगणातला, सगळा. येईल त्या भावाला दे आणि ज्वारी आण. पहिलं पोतं पार्वताबाईच्या घरी उतरव. मग उरलं तर माझ्याकडे."

"उरन का नाई, सांगता येत नाई, पंतोजी."

"मग अकोल्याला जाऊ," पंतोजी म्हणाले. गोदाबाईंनी मान डोलावली आणि चुलीपुढं जाऊन बसल्या.

हे बोलून झाल्यावर पंतोजींना जरा बरं वाटलं. जरा कशाला, बरंच बरं वाटलं. चारचौघांत चूक कबूल करणारा पंतोजी अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही, असंही एकदा मनात येऊन गेलं. मोरोपंतांची खोड अशी सहजासहजी जाणारी नव्हती.

गाड्या भरायला लागल्या. माणसं पांगली. पंजाबा तेवढा पुढं आला आणि त्यानं आपली काळी लाकडी पाटी पंतोजींच्या मांडीवर ठेवली. पूजेसाठी म्हणून तिच्यावर त्यानं वर्षभराचं सगळं शिकलेलं सुबक अक्षरात काढलं होतं. मुळाक्षरं, अंक, कापसाचा अभंग, आणि खाली 'खरे बोलावे', 'आईस दुःख देऊ नये', 'गुरूचे वचन प्रमाण मानावे'.

"पंतोजी," तो हळू आवाजात म्हणाला, "याच्यातलं आनखी कोनतं कोनतं तुमी मनानं लिवलं?"

"का रे?"

"पुसून टाकतो."

पंतोजींनी पाटीकडे पाहिलं. तोंडात आलेलं उत्तर त्यांनी गिळलं, कारण ते शास्त्राच्याच आवाजात येत होतं. पंजाबा बोटाला थुंकी लावून वाट पाहत बसला होता.