केसभर लहान गोळी

"हळू ठोका, नाहीतर वाकडं जाईल," शेजारच्या गुंडरची नात सोल्व्हेग म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. ऑस्मंडच्या शेडमध्ये उभं राहून ऑस्मंडच्याच मुलाला ठोकायला शिकवायचं म्हणजे अतीच झालं.

व्हर्लिन हसला नाही, रागावलाही नाही. तेल लावलेला मऊ शिशाचा गोळा त्यानं तिच्या आजोबांच्या बंदुकीच्या तोंडावर बसवला होता आणि पितळी गजावर लाकडी हातोडी मारत तो नळीतून खाली सरकवत होता. लिव्हर ओढून भरायच्या जुन्या बंदुकीत मागून गज जात नाही, म्हणून हे काम तोंडाकडूनच करावं लागतं. शेवटी शिसं मागच्या बाजूनं फडक्यावर टपकन पडलं. नळीत आतून कोरलेल्या आट्यांचा ठसा त्यावर स्वच्छ उमटला होता.

"आता मोजायचं," व्हर्लिन म्हणाला. "बंदुकीवर लिहिलेला आकडा बघायचा नाही. बंदुकीचं नाव विचारू नये, घसा मोजावा."

"हे तुमच्या वडिलांचं वाक्य ना? आजोबा सारखं म्हणायचे."

"त्यांचंच. आमच्या घरात वाक्यंसुद्धा त्यांचीच चालतात."

स्टोनी क्रीकच्या खोऱ्यात ज्याच्या त्याच्या घरी आजा-पणजाची बंदूक आहे, आणि नाव एकच असलं तरी दोन बंदुकांची नळी सारखी नसते. घरी ओतलेली गोळी नळीपेक्षा केसभर मोठी हवी. मोठी असली की आट्यांना घट्ट धरून जाते. लहान असली की मागच्या दारूचा जाळ तिच्या कडेनं निसटतो, शिसं नळीला माखतं, आणि गोळी मनाला येईल तिकडं जाते. हात चालत होते तोवर ऑस्मंड अख्ख्या खोऱ्याच्या बंदुका मोजायचा आणि त्या त्या मापाच्या गोळ्या ओतून द्यायचा. ज्याचं त्याचं मापाचं शिसं तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून, झाकणावर खिळ्यानं मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर कोरून ठेवायचा. ऑस्मंडनं एकदा मोजलेली बंदूक दुसऱ्या कुणी मोजायची नाही, असा तेव्हाचा अलिखित कायदा. मोजली तर त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हटल्यासारखं. शेजाऱ्यापाजाऱ्यांची ही गत, तर पोटच्या पोरानं बापानं सांगितलेलं माप ताडून बघायचं कसं?

आणि त्या पोराची बंदूक म्हणजे खोऱ्यातला जुना विनोद. "व्हर्लिन नेम धरतोय का? मग त्याच्या पुढ्यातच उभे राहा रे, तेवढी एकच जागा सुरक्षित," असं लोक म्हणायचे. तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला!

विशीच्या आत होता तेव्हा हॅस्केल त्याला न्यायला आला होता. हा हॅस्केल बाहेरच्या शिकाऱ्यांना घोड्यावरून डोंगरात न्यायचा, आणि त्याला एक वाटाड्या हवा होता. व्हर्लिनला घोडे यायचे, रानवाटा पाठ होत्या, आणि डोंगराकडं बघताना त्याचं काळीज जागेवर राहायचं नाही. अट एकच होती. पाहुण्यानं जनावर जखमी केलं तर वाटाड्याला ते एका गोळीत आडवं करता आलं पाहिजे. खडीच्या खाणीत नेमासाठी कागद लावला. पाच बार झाले, आणि कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी भोकं पडली. हॅस्केल त्याच्या खांद्यावर थोपटून गेला आणि त्यानं दुसऱ्याच पोराला नेलं.

"कंप आहे तुझ्या हातात," ऑस्मंड तेव्हा म्हणाला होता. "नसतं एकेकाच्या नशिबात."

त्यानंतर एकदाच व्हर्लिन शिकारीला गेला. एक एल्क हरीण पोटात गोळी घेऊन झाडीत पळालं. अंधार पडेपर्यंत त्यानं रक्ताचा माग काढला, पण ते सापडलं नाही. त्यानं बंदूक गोठ्याच्या दारावर टांगली ती टांगलीच. पुढं जन्मभर गाईंच्या धारा काढल्या आणि शाळेची बस चालवली. लग्न जमता जमता राहिलं. कधीमधी कॉफी ओतताना तो आपल्याच हाताकडं बघायचा. हात हलताना दिसायचा नाही. पण पा म्हणाले म्हणजे कंप असणारच.

"आजोबांची डबी असेल ना इथं?" सोल्व्हेगनं फळीवर हात घातला. "झिजलीय का नळी, ताडून बघू." तिनं गुंडर आजोबांची डबी काढली आणि तिच्या मागून आणखी एक. "ही तुमची दिसतेय."

"माझी नसणार. माझी कधी मोजलीच नाही. पा म्हणायचे, तुझी नि माझी एकाच घाण्यातली आहे, माझ्याच साच्यातल्या गोळ्या घे."

"पण झाकणावर अक्षर तर तुमच्याच नावाचं आहे."

व्हर्लिननं डबी उघडली. आत शिसं होतं, आट्यांच्या ठशासकट. मायक्रोमीटरच्या जबड्यात धरून त्यानं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. मग तो गोठ्याकडं गेला, टांगलेली बंदूक काढून आणली आणि तिच्यात नवं शिसं ठोकलं. तोच आकडा आला. बापाच्या साच्यातली गोळी या नळीला लहान होती, आणि चांगली लहान होती. शिसं माखलेली नळी घासून घासून त्याची बोटं सोलून निघायची, तेव्हा बाप म्हणायचा, तुला साधी बंदूक साफ करता येत नाही.

"या मापाचा साचा नसेल त्यांच्याकडं तेव्हा," सोल्व्हेग हळूच म्हणाली.

"तुझ्या आजोबांच्या बंदुकीचं माप वाच."

तिनं वाचलं. दोन्ही मापं एकच होती. गुंडरच्या गोळ्यांचा साचा त्याच फळीच्या खाली खिळ्याला टांगलेला होता, व्हर्लिनच्या जन्मापासून. काखेत कळसा म्हणतात तो असा.

दुपारभर त्यानं सोल्व्हेगसाठी गोळ्या ओतल्या आणि थोड्या स्वतःसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खाणीत गेली. तिनं कागद लावला. व्हर्लिननं आपल्या बंदुकीतून पाच बार काढले. ती कागद काढून आणताना चालता चालता थांबली.

"व्हर्लिन, पाचही भोकं एका तळहाताखाली झाकतायत."

त्यानं कागद बघितला. त्याला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा मयताला जाऊन आलेल्या माणसासारखा झाला.

"ते एल्क," तो म्हणाला, "उगीच गेलं गं ते."

घरी ऑस्मंड स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खाटेवर बसला होता. वय नव्वदीला टेकलेलं, डोकं शाबूत, पण हात असे थरथरायचे की चमचा तोंडापर्यंत पोचायचा नाही. व्हर्लिननं बटाट्याचं सूप गरम केलं, वाडगा त्याच्यापुढच्या टेबलावर ठेवला, आणि वाडग्याशेजारी खाणीतला भोकं पडलेला कागद ठेवला. कागदावर डबीतलं शिसं ठेवलं.

म्हाताऱ्यानं दोन्हीकडं बघितलं. त्यानं नाकारलं नाही.

"आधी तुझा भाऊ आर्ने गेला तो परत फिरकला नाही," तो म्हणाला. "तूही गेला असतास. मग गाई कुणी बघायच्या? तुझी आई अंथरुणाला खिळलेली."

"मला सांगायचं होतंत. राहिलो असतो मी."

"नसतास राहिला."

म्हातारा खरं बोलत होता. व्हर्लिन खरंच राहिला नसता, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

"लोक हसायचे मला. तुमच्यासमोर हसायचे, पा."

"ऐकायचो मी."

"आणि?"

"आणि काय. गाई जगल्या."

बाहेर गोठ्यात धारेची वेळ झाल्याचं गाई ओरडून सांगत होत्या. म्हाताऱ्यानं चमचा उचलायला हात पुढं केला, तो वाडग्याच्या काठावर खडखडला आणि सूप कागदावर सांडलं. व्हर्लिननं त्याच्या हातातून चमचा काढून घेतला. काठोकाठ भरला. टेबलावरून उचलून म्हाताऱ्याच्या ओठांपर्यंत आणला आणि तिथंच धरून ठेवला. सुपाचा पृष्ठभागसुद्धा हलला नाही.

ऑस्मंड तोंड उघडायचं विसरून त्या हाताकडं बघत राहिला.

"घ्या," व्हर्लिन म्हणाला. "गाई खोळंबल्यात."