जादा मणी

आई दोन वर्षांसाठी दूरदेशी नोकरीला निघाली होती आणि ठकूच्या हातून दुसरं कानातलं काही पुरं होत नव्हतं. पहिलं आईच्या कानात होतं. निळ्या बारीक मण्यांचं, जरा वाकडं, पण ठकूनं स्वतः विणलेलं. दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीत एक मणी जास्त ओवला गेला होता आणि पाकळी फुगली होती.

"उसवू का गं मावशी?" ठकू रडवेली झाली.

"उसवायला वेळ कुठाय? गाडी येईल आता."

मावशीनं पक्कड घेतली. जादा मणी दाबून फोडला की बाकीची वीण तशीच राहते. मात्र आधी त्याच्या भोकात सुई घालायची, म्हणजे फुटलेली काच दोरा कापत नाही. हे तिनंच ठकूला दहादा बजावलं होतं. आज घाईत तीच विसरली. मणी फुटला, दोरा तुटला आणि मणी ताटलीभर घरंगळले.

"राहू दे, एकच घालून जाते," आई दारातून म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगेन, दुसरं अजून कारखान्यात आहे."

ठकू हसली नाही. ती पुन्हा पहिल्यापासून ओवायला लागली होती.

खाली हॉर्न वाजला. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ती जिना उतरू लागली.

"ठकू, वर बघ गं. आई निघाली," मावशी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकते."

शिकवताना मावशी नेहमी म्हणायची, तेच वाक्य ठकूनं तिला ऐकवलं होतं. पक्कड हातात धरून मावशी नुसती बसून राहिली.