जड पेडल

पाच महिन्यांत तिसरी क्लचप्लेट जळाली, तेव्हा मिस्त्रीचं डोकंच फिरलं. गाडी दारात शिरतानाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणारा हा माणूस, चाळीस वर्षं दुसरं काही केलं नाही, आणि आता सख्ख्या पुतणीच्या गाडीने त्याच्या नाकी नऊ आणले होते.

गाडी मूळची दादाची, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या भावाची. दादा जाऊन वर्ष झालं होतं. लेकीने गाडी विकू दिली नाही. उलट इंजिनला टर्बो बसवून ताकद दीडपट करून घेतली आणि घाटातल्या शर्यतीत नाव दिलं. शर्यत येत्या रविवारी. शेवटच्या वळणाचा चढ असा की तिथे क्लचने स्लिप मारली तर इंजिन नुसतं बोंबलणार आणि गाडी मागे येणार. मागे कठडा नाही, सरळ दरी. मिस्त्रीला मूलबाळ नव्हतं, जीव लावायला ही एकच पोर. त्या वळणाने त्याची झोप उडवली होती.

"पाय पेडलवर ठेवून चालवतेस," तो म्हणाला आणि जळकी प्लेट तिच्या नाकासमोर धरली. "ताकदीने जळलेली प्लेट मला कळते. ही पाय टेकवून टेकवून जाळलेली आहे. पाय टेकला की क्लच अर्धवट सुटतो आणि प्लेट घासत राहते. बापाची खोड नेमकी उचललीस."

"काका, मी पाय ठेवत नाही."

"मग काय भूत ठेवतं?"

पोर हसली नाही. तिने मोबाईल पुढे केला. डॅशबोर्डखाली चिकटवून तिने आदल्या दिवशी चित्रण केलं होतं. तिचा डावा पाय कोपऱ्यात गप्प पडलेला दिसत होता. शेजारी क्लचचं पेडल, त्यावर कुणाचाच पाय नाही. चढ लागला की ते बोटभर खाली जायचं. रस्ता सपाट झाला की सावकाश वर यायचं.

मिस्त्रीने ते चार वेळा पाहिलं. मग गाडीत वाकून पेडलचं रबर पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच नवीन चढवलं होतं. उजवीकडे ते कोरं करकरीत होतं आणि डावी कड झिजून आतलं लोखंड दिसत होतं. दादाचा डावा गुडघा वाकत नसे, म्हणून तो पावलाच्या बाहेरच्या कडेनेच पेडल दाबायचा.

त्या गुडघ्यापायीच दादाने कधीकाळी त्याच्याकडून शब्द घेतला होता, की माझ्या गाडीला जड पेडल बसवायचं नाही. आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देईल तर तो दादा कसला? दुसऱ्याच्या शेजारी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी दवाखान्यात भरती व्हायलाही स्वतःच चालवत गेला, मिस्त्रीला बाजूला बसवून.

आणि आता मिस्त्रीला आपली चूक दिसली. तीन वेळा त्याने प्लेट चांगली भारी घातली, पण प्लेटला दाबून धरणारी स्प्रिंग मात्र दरवेळी मऊच, पेडल हलकं राहून दादाच्या गुडघ्याला झेपेल अशी. पोरीने पहिल्याच दिवशी जड स्प्रिंग मागितली होती. हा "बघू" म्हणाला आणि हात आपसूक जुन्या मापाकडे वळले. नवशिक्यानेही असला गाढवपणा केला नसता. दीडपट ताकद त्या स्प्रिंगला पेलणार कशी, आणि वर तो पाय.

शुक्रवारी दुपारी त्याने गिअरबॉक्स उतरवला आणि दुप्पट ताकदीची स्प्रिंग बसवली. दादाला दिलेला शब्द मोडतोय हे त्याला कळत होतं. काम संपल्यावर तो गाडीत बसला, दोन्ही पाय मागे घेऊन.

बराच वेळ काही झालं नाही. मग गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला. पेडल हललं, नखभर खाली गेलं आणि परत वर आलं. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्या वेळी सीटची पाठ करकरली, कुणी पाठ टेकून सगळा जोर लावावा तशी. पेडल अर्धं बोटही गेलं नाही.

"राहू दे, दादा," मिस्त्री म्हणाला. "गुडघा दुखेल."

पेडल थरथरत राहिलं.

"पोर मरेल रे अशाने. तिला चालवू दे आता."

पेडल वर आलं आणि थांबलं. मिस्त्री स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. दादा गेला त्या दिवशीही तो इतका रडला नव्हता.

रविवारी सकाळी त्याने गाडीतल्या बाजूच्या सीटवर कागदपत्रांची पिशवी ठेवली, ती घसरू नये म्हणून सीट पार पुढे सरकवली आणि जाऊन शेवटच्या वळणावर उभा राहिला. गाडी आली. इंजिन गरजलं, चाकांनी रस्ता धरला, आणि एकदाही न अडखळता ती चढ चढून गेली. मिस्त्री तिथेच दगडावर बसला.

शर्यत संपल्यावर पोर गाडी घेऊन त्याला न्यायला खाली आली. घामाने भिजली होती, पण चेहरा फुलला होता. "पेडल एकदाही आपोआप खाली गेलं नाही, काका. पण माझ्या पोटरीचं वाटोळं झालं. चल, बस."

त्याने बाजूचं दार उघडलं. पिशवी खाली पायाशी नीट ठेवलेली होती. सीट अगदी शेवटपर्यंत मागे गेली होती, पाय न वाकणाऱ्या माणसाला लागते तितकी.

"ही सीट तू मागे घेतलीस?"

"मी कशाला घेऊ? माझा पट्टा तरी कुठे सुटला होता?"

मलमाचा वास होताच. मिस्त्रीने दार हलकेच लावलं आणि मागचं उघडलं.

"पुढे बस ना, काका."

"नको," तो म्हणाला, "मी मागेच बरा. तू गाडी काढ."