खालच्या ओळीत नाव लिहावे

माझ्या नवऱ्याला, कोबिनाला, एकच नाद होता आणि तो दारूचा नव्हता, म्हणून मी चाळीस वर्षं गप्प बसले. आमच्या प्रांताचे एकेकाळचे प्रमुख अंकोमासाहेब यांच्या सहीची पत्रं तो जमवी. साहेब कधीच गेले, त्यांची कचेरी मोडली, तिथे आता मासळीसाठी बर्फ करतात. पण त्यांच्या काळात ज्यानं ज्यानं अर्ज केला त्याला त्यांनी टाइप केलेलं उत्तर धाडलं होतं, खाली हिरव्या शाईनं स्वतः सही केली होती, आणि ती उत्तरं लोकांच्या ट्रंकांतून, बायबलांतून, कधी मक्याच्या पिठाची केंकी उकडून विकणारीच्या रद्दीतूनसुद्धा कोबिना शोधून आणी. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर तर त्याला दुसरा उद्योगच उरला नाही. आणलेलं पत्र पुसून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालायचं काम माझं होतं. अशी त्रेसष्ट पत्रं आमच्या घरात होती.

लोकांना वाटे, मास्तरांना इतिहासाची आवड. खरं काय ते मला ठाऊक होतं. कोबिना दोन वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना, क्वामिनांना, भर सभेत काही बोलले म्हणून साहेबांच्या माणसांनी उचलून नेलं. ते परत आले नाहीत, त्यांचा देहही आला नाही. सासूबाई अराबा यांनी सुटकेचा अर्ज केला होता. “साहेबांनी साऱ्या जगाला उत्तर दिलं, मला तेवढं दिलं नाही,” असं त्या मरेपर्यंत सांगत. ते उत्तर कुठेतरी असलंच पाहिजे, या एका हट्टापायी त्यानं परक्यांची त्रेसष्ट उत्तरं गोळा केली होती, आणि प्रत्येक नवं पत्र उघडताना त्याचा चेहरा कसा होई ते मी पाहिलेलं आहे.

गेल्या वर्षी सासूबाईंची धाकटी बहीण, एकुआमावशी, एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. चाळिसाव्या दिवशी तिची ट्रंक उघडून आईकडच्या बायकांत कापडं वाटायची होती. मी सून, म्हणजे परक्या घराण्यातली, म्हणून दाराशी उभी होते. एक निळं कापड झटकताना त्यातून घडी घातलेला कागद पडला, आणि तो सरळ कोबिनाच्या हातात देण्यात आला.

“मास्तर, बसून वाचा,” मी म्हटलं.

तो उभ्यानंच वाचू लागला. पत्र सासूबाईंच्या नावाचं होतं. ‘आपल्या पतीस सोडण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्या जागी जो येऊन राहील अशा, आपल्या घराण्यातील एका पुरुषाचे नाव खालच्या ओळीत लिहावे व हेच पत्र परत धाडावे. नाव येताच त्यांना घरी पाठवण्यात येईल.’ खाली सही होती. सहीखाली एक ओळ कोरी सोडलेली होती, आणि ती तशीच कोरी होती.

“उत्तर आलं होतं, अजोआ,” तो म्हणाला. “आलं होतं.”

आमच्यात मूल आईच्या घराण्याचं. बाप कितीही जीव लावणारा असो, तो दुसऱ्या रक्ताचा. त्याच्यासाठी बायकोच्या घराण्यातला पुरुष देणं कुणाच्या मनातही यायचं नाही. त्या दिवशी सासूबाईंचे तिन्ही भाऊ ओट्यावर बसले असतील, कुणीही स्वतःचं नाव पुढे केलं नसेल, आणि मग घराण्यात पुरुष म्हणावा असा एकच उरला असेल. दोन वर्षांचा.

“आईनं तुम्हाला वाचवलं, मास्तर.”

“मला कोण नेणार होतं? बोट धरून चालत होतो मी. नुसतं नाव लिहायचं होतं!”

घरी आल्यावर नेहमीप्रमाणे मी ते पत्र पुसायला घेतलं आणि माझा अंगठा हिरवा झाला. साठ वर्षांपूर्वीची सही ओली होती. समुद्राची हवा, दमट कापड, असं काहीबाही मनाशी म्हणत मी साबणानं हात धुतला आणि त्याला काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर पत्रांवरची धूळ झटकताना एका कोळ्याच्या विधवेला आलेलं पत्र हाती लागलं. ही पत्रं मला पाठ आहेत. त्या पत्रात होडीच्या परवान्याखेरीज काही नव्हतं. आता सहीखाली हिरव्या शाईत लिहिलेलं होतं : ‘उत्तराची वाट पाहत आहे.’ मंगळवारी तीच ओळ तीन पत्रांवर होती. शनिवारपर्यंत सगळ्या त्रेसष्टांवर आली. माझा पहिला संशय नवऱ्यावरच गेला, कारण साहेबांचं वळण त्याच्याइतकं कुणाला साधलं असतं? मी घरातले सगळे खण उपसले. हिरवी शाई कुठेच नव्हती.

“हे तुम्ही लिहिलंत?” मी शेवटी विचारलं.

“नाही,” तो शांतपणे म्हणाला. “पण बरोबर लिहिलंय. वाटच पाहतायत ते. मी नाव लिहितो.”

“कुणाचं?”

“मामा गेले. घराण्यात मीच उरलोय.”

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही राग आला. “चाळीस वर्षं तुमची उष्टी काढली, माझा काही हक्क आहे की नाही? ज्याचा चेहरासुद्धा तुम्हाला आठवत नाही त्याच्यासाठी मला टाकून निघालात?”

“अगं वेडे, मेलेल्या माणसाला पत्र घालतोय. मला नेणार कोण?” तो हसला. पण हसताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

कोऱ्या ओळीत त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून, जुन्या कचेरीच्या पत्त्यावर ते पत्र पोस्टात टाकलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, “मास्तर, बर्फाच्या कारखान्याला प्रेमपत्र धाडताय की काय?” तोही हसला, मीही हसले.

दहा दिवस काही झालं नाही. तो जेवत होता, झोपत होता, माझ्या मिठाला नावं ठेवत होता, आणि मी हळूहळू सैल झाले. अकराव्या दिवशी सकाळी मी सहज पत्रं चाळली. ती ओळ एकाही पत्रावर नव्हती. त्रेसष्ट सह्या आणि त्यांखाली स्वच्छ कागद. आनंदानं ते सांगायला मी बाजरीच्या पेजेचा वाडगा तसाच हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

कोबिना खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसला होता. तोच शर्ट, तेच टक्कल, भुवईवरचा तोच व्रण. मला पाहून तो चटकन उभा राहिला. चाळीस वर्षांत तो माझ्यासाठी कधी उभा राहिला नव्हता.

“माफ करा, बाई, न विचारता बसलो,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. “मी क्वामिना. मला आजच सोडलं. अराबा घरात आहे ना?”

त्यानं खोलीभर नजर फिरवली, मग जमिनीपासून दोन हात उंचीवर आपला तळवा धरला आणि जरा लाजत विचारलं, “आणि आमचा कोबिना? एवढासा आहे. तो कुठे गेला?”